पाचव्या भागातले दोन हात

मी एक जुना मंगा आहे, मित्रांनो. मंगा म्हणजे जपानी चित्रकथेचं पुस्तक. माझ्या पुठ्ठ्यावर पाचचा आकडा आहे, आत इंग्रजी अक्षरं आहेत आणि पानांत रंगाचा एक थेंबही नाही. आम्ही जपानी पुस्तकं उजवीकडून उघडतो. एवढ्या साध्या गोष्टीनं पुढे केवढा घोळ घातला, तेच सांगायला बसलो आहे.

पुण्यातल्या एका विद्यार्थ्यानं मला घेतलं, वाचलं आणि खोली सोडताना देऊन टाकलं. दानाच्या खोक्यातून मी युसूफ वडगावजवळच्या एका गावी, दूध संस्थेच्या वाचनालयात आलो. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. मग दुष्काळ पडला. संस्थेत दूध येईना, वाचनालयाला कुलूप लागलं. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली आणि बसायला होईल म्हणून पुस्तकांची ट्रंक तिकडे नेली. लोक आमच्यावर बसून चहा पीत. माझ्या पाठीचा डिंक सुटला, आणि रागही फार आला. पण पुस्तकाचा राग विचारतो कोण?

त्या ट्रंकेतून मला महानंदानं बाहेर काढलं. तेरा वर्षांची, सडपातळ, लांब वेणीची पोर. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, गंगासागरनं, माझ्याच गोष्टीचा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, मोबाइलवर पाहिला होता. झरा राखणाऱ्या दोन मुलींची ती गोष्ट. शेवटी वेणीवाली कोरड्या आडात उतरते, दोर तुटतो, बॉबकटवाली वरून हात खाली घालते आणि पडदा काळा! पुढचे भाग आलेच नाहीत. पाहणारी माणसं वाचनाकडे का वळतात, ते मला त्या दिवशी कळलं. अर्ध्यात सोडलेली गोष्ट माणसाच्या घशाखाली घास उतरू देत नाही.

महानंदाला मात्र नुसती उत्सुकता नव्हती. छावणीतल्या आडाच्या तळाशी, कपारीत थोडं पाणी झिरपायचं. मोठं माणूस तिथे मावत नसे, म्हणून टँकर चुकला की महानंदा उतरायची. बाया निंबाच्या खोडाला वेढा देऊन दोर धरायच्या. पण आडाच्या तोंडाशी दोर दगडात अडके, तेव्हा कुणीतरी पालथं पडून तिला हात द्यावा लागे. तो हात गंगासागरचा. धुवायला पाणी नाही म्हणून त्या पोरीनं केस कापून टाकले होते, त्यामुळे तीही बॉबकटवालीच. आठ दिवसांपूर्वी तो हात ऐन वेळी सुटला. महानंदा हातभर खाली गेली, दोराला लोंबकळली, गुडघा फुटला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"त्या बॉबकटवालीनं धरलं का सोडलं, तेवढंच बघायचंय मला," ती मला पोटाशी धरून म्हणाली. माझी पानं सुटी होत होती, म्हणून तिनं मला आधी संस्थेच्या धोंडीरामतात्यांकडे नेलं. तात्या संस्थेची सगळी रजिस्टरं स्वतः शिवत. माणूस मनाचा साफ, पण हात लई उत्साही!

त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. "छापखान्यानं उलटंच शिवलंय की बे हे!" असं पुटपुटत त्यांनी सुरी घेतली. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. माझी बांधणीची उजवी कड त्यांनी सपाट कापली, डावीकडून दाभणानं पक्कं शिवलं. शेवटी इंग्रजीत एक सूचना होती, हे पुस्तक उजवीकडून वाचा म्हणून. ते पानही त्यांनी खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं आणि समाधानानं हात झटकले.

महानंदानं थेट शेवट उघडला. तिथे दोन पानांवर पसरलेलं एकच मोठं चित्र होतं. म्हणजे, सुरी चालण्याआधी एक होतं. मधल्या शिवणीपाशी दोन हात एकमेकांना घट्ट धरत होते. आता पानांच्या जागा बदलल्या होत्या. एक हात डाव्या कडेला जाऊन तुटला होता, दुसरा उजव्या. महानंदा बघतच राहिली.

"सोडलंच तिनं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही टँकर आला नाही. जनावरं सकाळपासून हंबरत होती. बाया दोर घेऊन उभ्या राहिल्या, गंगासागर आडाशी पालथी पडायला आली आणि महानंदानं कमरेचा दोर सोडून टाकला.

"कावून गं?" छबुबाईंनी विचारलं. छावणीतली फाटकी पोती शिवणाऱ्या या बाई.

"मी न्हाई उतरत. ही धरत नसती. हितं पण न्हाई धरलं!" असं म्हणून तिनं मला भिरकावलं. मी छबुबाईंच्या पोत्यांवर पडलो, शेवटच्याच पानावर उघडा.

छबुबाईंना अक्षरओळख नव्हती. पण जन्मभर गोधड्या शिवलेली नजर कडांवरून फिरली. "ह्ये ठिगळ चुकीच्या बाजूला लागलंय," त्या म्हणाल्या. "नक्षी कडंला येऊन अशी मरत नसती. ती पल्याडच्या ठिगळात जाती." त्यांनी दातानं तात्यांचा दोरा तोडला, दोन पानं सोडवली, डावं उजवीकडे ठेवलं, उजवं डावीकडे.

हात हाताशी आला.

महानंदा गुडघ्यांवर बसली. मोबाइलवर असतं तर चित्र पळून गेलं असतं. मी पळत नाही. ती पाहत राहिली आणि मी थांबलो.

"हात वला हुता माझा," मागून गंगासागर म्हणाली. "निसटला. मी सोडला न्हाई, महानंदे."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"तू आयकत हुतीस का?"

महानंदानं दोर कमरेला बांधला. गंगासागरनं दोन्ही तळवे मातीत घासून कोरडे केले.

महानंदा खाली उतरली. सात बादल्या वर आल्या. मग दोर हलला, बाया ओढू लागल्या आणि आडाच्या तोंडाशी तो नेहमीसारखा अडकला. खालून महानंदाचा चिखलानं माखलेला हात वर आला. गंगासागर छातीपर्यंत आत वाकली. मी वाऱ्यात फडफडत होतो, मला नीट दिसेना. मग एक मोठा हिसका बसला आणि दोघी एकमेकींवर कोसळल्या, आडाच्या बाहेर. धरलेला हात दोघींनी बराच वेळ सोडला नाही.

तात्यांना कळलं तेव्हा ते कान धरून म्हणाले, "मला वाटलं छापखाना चुकला." त्यांनी मला उजवीकडून पुन्हा शिवलं. पण सुरीनं चित्रातल्या बोटांची टोकं नेली होती, ती कुठून आणणार? छबुबाईंनी मधे कोऱ्या कागदाची पट्टी जोडली आणि तिच्यावर दोघींनी पेनानं बोटं काढली. वाकडीतिकडी आहेत. एक तर चक्क जादा आहे.

मित्रांनो, पुस्तकावर बसू नका, हे तर सांगायला नकोच. पण दुरुस्त करायला घ्याल तेव्हा आधी विचारा, ते कोणत्या बाजूनं उघडतं. माणसाचंही तसंच. माझा सहावा भाग इथे अजून पोचलेला नाही. तोवर पोरं मला उजवीकडून उघडतात आणि त्या सहा बोटांच्या हातावर बोट ठेवून एकमेकांना सांगतात, "बघ, धरलंय."