दोरीवरचा पाचवा

होडकं निवडायला म्हणून ती बापाबरोबर आली खरी, पण बापाने ते घरून निघतानाच निवडून टाकलं होतं. तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून हुकूम सोडलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय उरत नाही, आणि ह्याला तर ती मुळातच नव्हती. तिला सोबत घेतलं होतं ते नव्या होडक्याच्या कव्हरचं माप काढायला. बंदरातल्या निम्म्या बोटींची ताडपत्रीची कव्हरं तीच शिवायची.

दुकानाच्या मागच्या आवारात, पाण्यात उतरणाऱ्या उताराशेजारी, होडकी लाकडी घोड्यांवर मांडून ठेवली होती. तांडेल सरळ एका पिवळ्या होडक्यापाशी गेला आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्याने त्याला थाप मारली.

"पारख आहे तुम्हाला," दुकानदार लगेच म्हणाला. "एकटा माणूस उचलतो हे. किनाऱ्यावर ये-जा करा, बोटीला रंग लावायला वापरा, उथळ पाण्यात छोटं जाळं टाका. आणि वेळ वाईट आलीच, तर जीव वाचवायलाही हेच. आणखी काय पाहिजे?"

तिने मागच्या फळीवरची पट्टी वाचली. माणसं चार.

"बोटीवर किती जण असता तुम्ही?" तिने विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"पाच," इंजिनवाला म्हणाला. बापाच्या बोटीवर गेली बारा वर्षं असलेला तोही सोबत आला होता.

सोबत आलेला तिचा धाकटा भाऊ ह्या वर्षीच बोटीवर लागला होता. तो हसून म्हणाला, "पाचवा दोरीवर, ताई. यंदा माझा नंबर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ह्या बोटीवरची ही जुनी रीत होती. बोट बंदरात उभी राहिली की चौघे होडक्यात बसायचे आणि जो बोटीवर सगळ्यात नवा, तो मागची दोरी धरून पाण्यातून यायचा. किनारा हाकेच्या अंतरावर असे. सगळे त्याची टिंगल करायचे आणि किनाऱ्याला लागल्यावर पहिला चहा त्याला द्यायचे. ह्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट हे, की ह्या हुशार लोकांनी बंदरातली गंमत उचलून भर समुद्रात नेली.

दोन हिवाळ्यांपूर्वी बोटीत पाणी शिरलं, तेव्हा बोटीवर सगळ्यात नवा होता तो तांडेलाचा जावई. तिचा नवरा. कुणी त्याला सांगितलं नाही, कुणी हुकूम दिला नाही. चौघे होडक्यात बसले आणि त्याने आपण होऊन दोरी धरली. दीड तासाने दुसरी बोट आली, चौघांना वर घेतलं, ह्यांची अर्धी बुडालेली बोटसुद्धा ओढत बंदरात आणली. दोरीवर मात्र कुणी नव्हतं. मधूनमधून आम्ही त्याला हाक मारत होतो, असं तिला सांगण्यात आलं. ठीक आहे, असं तो म्हणत होता.

बोट दुरुस्त झाली, इंजिन नवं आलं. होडकं मात्र तेच राहिलं. दोन वर्षं तिचा बाप त्याच होडक्यातून ये-जा करत होता. माणूस गेला तेव्हा होडकं बदलावं असं कुणाला वाटलं नाही. तळ झिरपायला लागला तेव्हा सगळे दुकानात आले.

"ते घ्या," तिने कुंपणाजवळच्या राखाडी होडक्याकडे बोट दाखवलं. रुंद, बोजड, दिसायला आंघोळीच्या टबाचं थोरलं भावंड. पट्टीवर लिहिलं होतं, माणसं सहा.

"ते धूड उचलायला दोन माणसं लागतील," तांडेल म्हणाला. "आणि केबिनच्या छपरावर मावणार नाही."

"मावतं. चार बोटं जागा उरते. छपराचं कव्हर मी शिवलंय, मला माप शिकवू नका."

"रोजच्या कामाला जड पडेल. बुडण्याची वेळ काय रोज येते?"

"एकदाच आली, बाबा. पुरली मला."

इंजिनवाला आपल्या बुटांकडे बघू लागला. दुकानदाराला अचानक खिशातली पावती वाचावीशी वाटली. दोन वर्षं घरात ह्या विषयावर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि ते तिने परक्याच्या आवारात फोडलं होतं.

तांडेलाचा आवाज चढला. "आम्ही त्याला टाकून आलो का? दर थोड्या वेळाने विचारत होतो. तो ठीक आहे म्हणाला. आत घ्या असं एकदा म्हणाला असता, तर मी स्वतः उतरलो असतो. त्याने मागितलंच नाही."

म्हणजे चूक मेलेल्याची. तिला वाटलं, हातातली माप घ्यायची पट्टी ह्याच्या तोंडावर फेकून निघून जावं. पण ती गेली नाही. आज गेली, तर पिवळं होडकं घरी येणार आणि दोरीवर तिचा भाऊ लटकणार, हसत हसत, नंबर लागला म्हणून.

"बरं," ती म्हणाली. "पिवळंच घ्या. पण आधी चालवून बघू. आम्ही चौघं आत बसतो. दोरीवर तुम्ही."

"वेडी झालीस का? पाणी बघ किती गार आहे."

"तेव्हा कोमट होतं?"

धाकटा पुढे झाला. "ताई, मी उतरतो ना." त्याच्याकडे न बघताच तिने हाताने त्याला थांबवलं.

तांडेलाने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग कोट काढला, बूट काढले आणि उतारावरून पाण्यात शिरला. बाप हट्टी होता म्हणूनच लेक तशी निघाली होती.

भावाने आणि इंजिनवाल्याने पिवळं होडकं पाण्यात लोटलं. दुकानदार नको नको म्हणत असताना तिने त्यालाही आत बसवलं. भाऊ वल्ही मारू लागला. धक्क्याच्या आतल्या संथ पाण्यात होडकं फेऱ्या घेऊ लागलं आणि मागे दोरी धरून बाप. इंजिनवाल्याने घड्याळ हातात धरलं होतं.

"तीन मिनिटं," तो म्हणाला.

"बाबा, कसं आहे?"

"ठीक आहे."

सहा मिनिटांनी तिने परत विचारलं. ठीक आहे. नऊ मिनिटांनी परत. ठीक आहे. आवाज तोच, करकरीत, चिडका. ह्याला काही होत नाही, असं वाटून तिचा राग आणखी भडकला.

"बारा," इंजिनवाला म्हणाला.

"बाबा?"

"ठीक आहे."

ह्या वेळी तिने चेहऱ्याकडे न बघता हातांकडे पाहिलं. बोटं उघडी होती, पांढरी, आणि वळत नव्हती. दोरी त्याने कोपराच्या बेचक्यात अडकवली होती आणि ती हळूहळू सरकत होती. त्याला ते कळत होतं, कारण तोही तिथेच बघत होता. आणि तरी तो ठीक आहे म्हणाला होता.

"आत घ्या त्यांना," ती ओरडली.

घेता येईना. एका बाजूने ओढलं की होडकं कलंडायचं आणि पाणी आत यायचं. शेवटी भावाने उडी मारली, बापाला काखेत धरलं आणि दोघे पोहत उतारावर आले. किनारा दहा हातांवर होता म्हणून.

दुकानदाराने घोंगडी आणली. तांडेल दगडावर बसून कुडकुडत होता, दात वाजत होते. ती समोर उभी राहिली. दया येत होती, आणि दया येते म्हणून राग येत होता.

"ओरडला का नाहीत?"

त्याने घोंगडीत हात खुपसले. मग तो म्हणाला, "लाज वाटली."

इंजिनवाल्याने घड्याळ खिशात टाकलं.

"त्यालाही वाटली असेल," तो म्हणाला. "दर वेळी मी आवाज ऐकला. वाकून हात बघितले नाहीत. दोरीवर अदलाबदल करायला हवी होती. मी तांडेल होतो, मी सांगायला हवं होतं." तो रडत होता की थंडीने थरथरत होता, ते सांगता आलं नसतं.

दोन वर्षं ती ह्या वाक्याची वाट बघत होती. ते कानावर पडलं की आत काहीतरी निवेल, असं तिला वाटलं होतं. काहीच निवलं नाही.

तांडेल घोंगडीसकट उठला आणि राखाडी होडक्यापाशी गेला. त्याने धाकट्याला आत बसवलं, इंजिनवाल्याला बसवलं, स्वतः पाय उचलून कसाबसा बसला. मग जाळेवाला इथे, आचारी तिथे, असं म्हणत त्याने हाताने बोटीवरच्या बाकी दोघांच्या जागा दाखवल्या. बसायची एक जागा उरली. त्या जागेवर हात ठेवून तो तिथेच थांबला.

"हे घेऊ," तो म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वी घ्यायचं होतं," ती म्हणाली आणि कव्हरचं माप घ्यायला वाकली.