ब्रूनो कोणाच्या दारात किंचाळला

पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दुधाच्या पिशव्या हातात घेऊन माणसं खोळंबली होती, गच्च्यांवरून बायका वाकून बघत होत्या. कन्नड गावाहून आलेले महाराज श्रीरंगच्या आठ महिन्यांच्या कुत्र्याला, ब्रूनोला, साखळीनं धरून दारोदार नेत होते.

"मुकं जनावर खोटं बोलत नाय!" महाराज गरजले. "ज्या दारात करणी, तिथंच ते बोंबलणार!"

चार दारांपुढून ब्रूनो शेपटी हलवत गेला. पाचवं दार श्रीरंगच्या समोरचं, सत्यभामाबाईंचं. तिथं महाराजांनी साखळी श्रीरंगच्या हातात दिली, काठी आपटली आणि ब्रूनो किंचाळला. कान पाडून, साखळीला हिसडे देत भुंकत सुटला. दूर नेऊन अंगारा फुंकला, तर गप्प!

"लई मोठा माणूस हाय," कोणीतरी पुटपुटलं.

महिनाभर ब्रूनोच्या भुंकण्यानं गल्ली वैतागली होती. श्रीरंगच्या आजारी आईला, यमुनाबाईंना, झोप नव्हती. तो समोरच्या घराकडं तोंड करून भुंकतो, हे सांगून श्रीरंगनंच महाराजांना बोलावलं होतं.

"या बाईनं घर सोडल्याबिगर म्हातारीचं दुखणं हटणार नाय," महाराजांनी निकाल दिला.

सत्यभामाबाईंच्या शेजारी त्यांची मुलगी मेघा उभी होती. ती जनावरांची डॉक्टर, फर्दापूरला नोकरी. सुटीला घरी आलेली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नर्स म्हणून आईनं या गल्लीतल्या निम्म्या बाळंतपणांत धावपळ केली होती. आता त्या घरांतलं एकही माणूस आईच्या नजरेला नजर देत नव्हतं. 'हे असलं त्या घरातूनच निघायचं होतं,' असं मागून ऐकूही आलं.

पण तिनं एक गोष्ट पाहिली होती. ब्रूनो किंचाळला त्याच क्षणी समोरच्या स्कूटरखाली झोपलेली भटकी कुत्रीही दचकून पळाली होती. आणि काठी आपटताना महाराजांचा डावा हात झोळीत होता.

"महाराज, पुन्हा एकदा करा. झोळी खाली ठेवून."

"झोळीला बाईचा हात लागला तर रक्ताची उलटी होईल!"

"कुणाला?"

"तुला!"

"होऊ द्या," म्हणत मेघानं झोळी हिसकावली. आतून टीव्हीच्या रिमोटएवढं काळं यंत्र निघालं.

"कुत्री हुसकवायला हे बाजारात मिळतं. याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, कुत्र्याच्या कानात मात्र सुईसारखा शिरतो." तिनं ब्रूनोला श्रीरंगच्याच फाटकापाशी आणलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "माफ कर रे, एकदाच." तिनं बटण दाबलं. ब्रूनो तस्साच किंचाळला.

"श्रीरंगदादा, आता तुम्ही घर कधी सोडताय?"

श्रीरंगची मान खाली गेली. महाराज सटकायला बघत होते. मेघानं त्यांची वाट अडवून पोलिसांना फोन लावला.

"पण मग तो महिनाभर का भुंकत होता गं?" यमुनाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"आजी, लहान कुत्रं ते. दिवसभर हातभर साखळीनं फाटकाला बांधलेलं. येणारं-जाणारं दिसतं, पण खेळायला कुणी नाही. तो भुंकला की तुम्ही ओरडता, मग त्याला आणखी चेव येतो. सकाळ-संध्याकाळ फिरवा. चावायला काहीतरी द्या. फाटकाला आडोसा लावा. गप्प बसला की लगेच शाबासकी द्या. आणि त्याला मारू नका."

तीन आठवड्यांत भुंकणं बरंच कमी झालं. यमुनाबाई काठी टेकत सत्यभामाबाईंकडं गेल्या, हात जोडले.

"बसा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "औषध घेताय ना वेळेवर? पण यमुनाबाई, त्या दिवशी एकानंही 'थांबा' म्हटलं नाही. ते मी विसरणार नाही."

विसरूही नये. कुत्र्याला यंत्र कळत नाही. माणसाला प्रश्न विचारता येतो. चमत्कार दाखवणाऱ्याला हात मोकळे ठेवून तो पुन्हा करायला सांगा. नाही म्हणाला तर पोलिसांना बोलवा, जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. आणि कोणी एखाद्या बाईकडं बोट दाखवून 'हिला काढा' म्हणालं, तर खरंखोटं ठरेपर्यंत वाट पाहू नका. आधी तिच्या बाजूला जाऊन उभे राहा.