जयवंताचे हिरवे वाफे

गारपीट झाली त्याच्या दुसऱ्याच सकाळी जयवंतानं पदर खोचला आणि झोडपलेली वांगी, मिरच्या, पालक, सगळं उपटून बांधाबाहेर फेकलं. कोणी वेडी म्हणेल तर म्हणो बापडा. मोर्शीकडच्या तिच्या माळी भावकीत रीतच होती, वाफ्यात मेलेलं ठेवायचं नाही. गारांनी तिचा एक बैलही मारला होता. त्याच्यासाठी ती ढसाढसा रडली, आणि रडता रडताच तिनं मेथी अन् सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला.

गावच्या खुशालराव पाटलानं मात्र आपल्या आडव्या गव्हाला बोट लावलं नाही. "सायेब पाहून जाईपर्यंत काडी हालवू नोका," असं त्यानं गड्यांना बजावलं होतं. शहाणा माणूस! तेवढं माळ्यांना सांगायला त्याची जीभ झिजली असती.

त्या काळच्या नागपूरच्या सरकारनं गारपिटीची मदत जाहीर केली होती. जयवंताला त्यातून एकच हवं होतं, मोटेला बैल. तो नसला तर उन्हाळ्यात मळा करपणार, यात शंकाच नव्हती.

नायब तहसीलदार घोड्यावरून आला तोवर वाफे हिरवेगार झाले होते. पाटलाचं नुकसान लिहून झालं होतं. घोड्यावरून खाली न उतरताच साहेबानं जयवंताच्या मळ्यावर नजर फिरवली.

"इथे कसलं नुकसान? सगळं तर हिरवं आहे."

"हे मांगून पेरलं जी," जयवंता म्हणाली. "पयलं सारं गेलं. बैल मेला आमचा."

"मग मोट कोणी ओढली?"

तिचा नवरा नत्थुजी मान खाली घालून उभा राहिला. उरलेल्या बैलाच्या जोडीला आपण बायकोला जुंपलं, हे तो कुठल्या तोंडानं सांगणार?

"मी वढली," जयवंता म्हणाली. "खांदा सोलून निंगाला, दाखवू?"

साहेब हसला. खरंच हसला, मेला! "म्हणजे मोट चालू आहे. केशवराव, नुकसान नाही म्हणून लिहा."

जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते काय खोटं? पटवारी केशवराव जवळ येऊन कुजबुजला, "उपटून टाक वं हे. परततानी सायेबाले पुन्हा दाखवतो." तिचा हात मेथीपर्यंत गेलासुद्धा. पण उगवतं पीक उपटायचं?

"जीव गेला तरी नाई," ती म्हणाली.

"घोड्याला पाणी पाजा रे," साहेबानं उतरून फर्मावलं. केशवरावानं घोडा हौदाकडे नेला. घोडा तोंड घालणार तोच जयवंतानं लगाम हिसकला. मुक्या जनावराचा काय दोष, हे तिलाही कळत होतं, पण राग आवरेना.

"हे पानी म्या काढलं, माया खांद्यानं! सरकारच्या घोड्याले पाटलाच्या हिरीवर न्या. तिथं बैल हायेत!"

"जयवंते, सायेब हाये तो!" नत्थुजी घाबरून ओरडला.

"सायेब असन त्याच्या घरी! एक मोट वढून दाखव म्हना, मंग पाजतो."

साहेब लालबुंद झाला, पण हौदापुढून ती तसूभर हलली नाही. शेवटी घोडा तहानलेलाच गेला.

नत्थुजीनं जू उचललं. "आज मी लागतो. तू हाक."

"सरका बाजूले," जयवंता म्हणाली. "मले वढू द्या. नाईतर हा राग कोनाच्या टकुऱ्यात घालू?"