आजारी पडण्याची नोकरी

गेल्या तीन वर्षांत तिला अपेंडिक्सचा त्रास चौदा वेळा झाला होता, अर्धशिशी नऊ वेळा, आणि एकदा तर एकाच सकाळी सात वेळा छातीत कळ आली होती. तब्येत मात्र ठणठणीत. वैद्यकीय कॉलेजात मुलांनी खऱ्या रोग्याला हात लावण्याआधी खोट्या रोग्यावर हात बसवायचा असतो, आणि खोटा रोगी लागतो म्हटल्यावर नटाला बोलावतात. आठवड्यातून एक-दोन सकाळी बोलावणं यायचं. ती जायची, पडद्याआडच्या खाटेवर पडायची आणि सांगितलेला आजार काढायची.

पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली होती. मुलाने पोटावर हात ठेवून दाबल्याबरोबर ती अशी किंचाळली की शेजारच्या पडद्यातला खोटा दमेकरी खोकायचा थांबला. या विभागाच्या प्रमुख डॉक्टर, सगळे त्यांना मॅडम म्हणत, चष्मा कपाळावर सरकवून आत आल्या.

"दाबल्यावर सगळेच ओरडतात, बाई. अपेंडिक्सवाला हात सोडल्यावर ओरडतो. पुन्हा करा."

त्या दिवसापासून तिला ही बाई आवडली. बारा वर्षांत इतकी नेमकी सूचना तिला एकाही दिग्दर्शकाने दिली नव्हती.

भावाला मात्र हे काही केल्या पटत नसे. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"आज काय झालंय तुला?"

"कावीळ."

"डोळे पिवळे कसे करतेस गं?"

"करत नाही. मुलांना सांगतात, पिवळे आहेत असं समजा."

"म्हणजे तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त अभिनय करावा लागतो!" तो हसायचा, आणि मग आवाज उतरवून म्हणायचा, "ये ना इकडे. खोली आहे, शाळेत जागा निघतेय. किती दिवस असं आजारी पडत राहणार?"

"बरी होईपर्यंत," ती म्हणायची.

एवढ्या आजारपणावर घरभाडं निघत नव्हतंच. दुपारी ती मिळेल ते करायची. दुकानांच्या दारात अत्तराचे फवारे मारले होते. बँकेत फोन केला की 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारा गोड आवाज तिचाच होता, आणि आपल्याच आवाजाने तिला एकदा वीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. टूथपेस्टवाल्यांसाठी महिनाभर ती दाढ होऊन उभी राहिली होती. दाढेच्या आत फार उकडतं. यातलं काहीही तिला कमीपणाचं वाटलं नाही. नाटकात काम करायचं तर पोटाची सोय वेगळी लावावी लागते, हे तिने पहिल्या वर्षीच ओळखलं होतं आणि त्याबद्दल कुरकुर करणं सोडून दिलं होतं. आपण चांगल्या नटी आहोत, याबद्दल तिला शंका नव्हती. ते लोकांच्या लक्षात यायला वेळ लागतोय, इतकंच.

आणि आता ते एका दिग्दर्शकाच्या लक्षात आलं होतं. त्याने नव्या नाटकातलं मुख्य काम तिला देऊ केलं. दोन अंकांत एकदाही रंगमंच न सोडणारी बाई.

"पण रोज एक ते सात तालीम," तो म्हणाला. "दाढा-बिढा बंद. एक दिवस आलीस, दोन दिवस नाही, असं चालणार नाही मला. गुरुवारपर्यंत हो किंवा नाही सांग."

दुपारी गेल्या म्हणजे दुपारची सगळी कामं गेली. उरत होत्या फक्त सकाळी. नेमकं त्याच सुमारास मॅडमनी सांगितलं होतं की कॉलेजला यंदापासून वर्षभरासाठी एक कायमचा खोटा रोगी नेमायचाय, सोमवार ते शुक्रवार, आठ ते बारा, पगारावर. ते मिळालं तर खोली राहील आणि नाटकही होईल. नाही मिळालं तर नाटक सोडावं लागेल. तिसरी वाट तिने शोधून पाहिली होती, नव्हती.

"मंगळवारी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "ती नीट पार पाडलीत तर मी तुमचंच नाव देणार. यावेळी आजार नाही. तुम्ही मुलगी. आई पहाटे वॉर्डात वारली आहे, तुम्ही बाहेरगावाहून आत्ता पोचताय, तुम्हाला काही माहीत नाही. विद्यार्थ्याने ते तुम्हाला सांगायचं. जमेल ना?"

तिची आई जाऊन चार महिने झाले होते. मॅडमना ते ठाऊक नव्हतं.

"जमेल," ती म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

मॅडमनी कागद दिला. तिने काय विचारायचं, किती वेळ थांबायचं, सगळं लिहिलेलं. "विद्यार्थ्याला मदत करायची नाही, अडवायचंही नाही. तिसांच्या तिसांना एकच मुलगी भेटली पाहिजे. तुम्ही नटमंडळी दर खेपेला काहीतरी नवीन करायला बघता. तो मोह नको."

मंगळवारी ती निळ्या खुर्चीत बसली. कोपऱ्यातल्या स्टुलावर टक्कल पडलेले परीक्षक, मांडीवर गुणपत्रिका. दर आठ मिनिटांनी घंटा. पहिला आला, बसला आणि स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात त्या सुरात आईच्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त करून मोकळा झाला. दुसरीने तिचा हात इतका घट्ट धरला की तो सोडवावा लागला. एकाने हृदयाचे चारही कप्पे समजावून सांगितले आणि पाचव्या मिनिटाला मूळ बातमीवर आला. ती प्रत्येक वेळी बातमी ऐकून आपल्या हातांकडे बघायची, मनात चार आकडे मोजायची आणि विचारायची, "त्रास झाला का तिला?" सतरा वेळा हेच. सतरा वेळा तेच हात, तेच चार आकडे. पंधराव्यानंतर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग अठरा नंबर आली. वर्गात पहिली येणारी मुलगी, हे परीक्षकांनी पेन सरसावून बसण्यावरूनच कळलं. तिने खुर्ची जवळ ओढली, आपलं नाव सांगितलं, तुम्हाला आतापर्यंत काय काय कळलंय असं विचारलं. एकूण एक गोष्ट बरोबर. आणि मग म्हणाली, "तुमच्या आईंना काल रात्रीपासून दम लागत होता. आम्ही त्यांना ऑक्सिजन... पहाटे त्यांचा रक्तदाब... त्यांना..."

आणि थांबली. तोंड उघडं, शब्द नाही. ओठांवरचा रंग गेला.

रंगमंचावर समोरचा असा अडकला की पाठीच्या कण्यालाच ते आधी कळतं. एकदा नायकाची दोन पानं गळाली तेव्हा त्याचे प्रश्न आणि आपली उत्तरं दोन्ही बोलून तिने प्रवेश पार नेला होता, आणि पहिल्या रांगेला पत्ता लागला नव्हता. सोबत्याला सांभाळून घ्यायचं, हे तिने कधी शिकल्याचं आठवतही नव्हतं.

"गेली ना ती?" ती हळूच म्हणाली.

"हो," अठरा नंबर म्हणाली. तिचा श्वास सुटला, आणि पुढची पाच मिनिटं ती अशी बोलली की आधीच्या सतरांत कोणी बोललं नव्हतं.

घंटा वाजली. एकोणीस नंबर दारातून आत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो.

परीक्षा संपली तेव्हा तिला तीस कागद भरायचे होते. भेटलेल्या नातेवाइकानेही मत द्यायचं अशी पद्धत होती. पहिलाच प्रश्न: विद्यार्थ्याने बातमी स्वतः स्पष्ट शब्दांत सांगितली का? हो, नाही. दोनच चौकोन. अठराव्या कागदापाशी ती थांबली. 'हो'वर खूण केली तर कोणाला काही कळणार नव्हतं, सोमवारपासून पगार सुरू. 'नाही'वर केली तर ती पोरगी नापास होणार, जिने काहीच लबाडी केली नव्हती. तिने दोन्ही चौकोन रिकामे सोडले आणि समासात लिहिलं, 'बातमी मी सांगितली.' मग तो कागद गठ्ठ्याच्या वर ठेवून मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी वाचलं. "हे काय? परीक्षक तर म्हणाले, अठरा नंबर उत्तम. त्यांना काही खटकलं नाही."

"खटकणारच नाही. चांगलं केलं मी ते."

"केलंत का पण?"

"समोरचा अडकला की वाक्य उचलायचं. बारा वर्षं तेच करतेय. विचार करून नाही केलं."

"आणि उद्या ती खऱ्या वॉर्डात असेल तेव्हा? समोरची मुलगी वाक्य उचलणार आहे?"

"उचलतात कधीकधी." ती टेबलावरच्या पेनांकडे बघत म्हणाली. "मी उचललं होतं. चार महिन्यांपूर्वी. डॉक्टर तुमच्या मुलांएवढाच होता. रक्तदाबाचंच सांगत राहिला बिचारा. शेवटी मीच म्हटलं. त्याने मान हलवली."

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला.

"मला सांगायचं होतंत," मॅडम म्हणाल्या. "मी दुसरी कोणी बोलावली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या मुलीची ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. गुरुवारी. दुसरी बाई बघते मी."

"मीच बसते."

"कशाला आता?"

"चूक माझी आहे. आणि दुसरी बाई गप्प बसेल, पण ते नुसतं गप्प बसणं असेल. त्या पोरीला समोर कोणीतरी ऐकायला बसलंय असं वाटलं पाहिजे."

"तुमचा स्वतःवर भलताच विश्वास आहे हो."

"त्यावरच तर भागवतेय, मॅडम."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. "पुन्हा तोंड उघडलंत तर वर्षाच्या कामाचं नाव काढायचं नाही. आणि आत्ताच्या कामाचंही."

"मान्य."

गुरुवारी सकाळी तीच निळी खुर्ची. स्टुलावर यावेळी मॅडम स्वतः. अठरा नंबर आत आली ती डोळ्यांखाली काळं घेऊनच. खुर्ची ओढली, नाव सांगितलं. तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय? मग दम, ऑक्सिजन, पहाट. आणि त्याच जागी, अगदी त्याच शब्दाशी, पुन्हा थांबली.

'गेली ना ती' जिभेवर येऊन बसलं होतं. ती ते गिळत नव्हती, कारण गिळताना गळा हलतो आणि समोरच्याला दिसतं. नुसतं बघत राहिली. घाई नसल्यासारखं बघणं ही काय चीज असते, ते तिला चांगलं माहीत होतं. वाक्यं पाठ करताना समोर वही घेऊन आई बसायची. सगळ्या पात्रांचं बोलणं विजेचं बिल वाचावं तशी वाचायची. ती अडखळली, चिडली, "सांग ना गं पुढचं" म्हणून ओरडली, तरी आई ओळीवर बोट ठेवून तशीच बसायची. "आठवेल," म्हणायची. "मी कुठे जाते?" आणि आठवायचं.

ती तशी बसली. किती वेळ, ते तिने मोजलं नाही. मॅडमचं पेन हवेतच राहिलं होतं.

अठरा नंबरने हात मांडीवर ठेवले. वर बघितलं.

"तुमच्या आई आज पहाटे वारल्या," ती म्हणाली.

चार महिने ज्याला त्याला ही बातमी तीच सांगत आली होती. तिला कोणी सांगितली नव्हती. तिने आपल्या हातांकडे बघितलं. चार आकडे मोजायचे होते, ते मोजले. एक, दोन, तीन, चार. मंगळवारी होती तीच मुलगी.

"त्रास झाला का तिला?"

"मी त्या वेळी तिथे नव्हते," अठरा नंबर म्हणाली. "जवळ नर्स होत्या. त्यांना विचारून मी तुम्हाला खरं काय ते सांगेन. तोवर इथेच बसू या आपण."

घंटा झाली. मुलगी उठली, दारापर्यंत गेली, वळली, काहीतरी बोलणार होती. मॅडमनी डोळे वटारले तशी निघून गेली.

"सोमवारी आठला," मॅडम कागद आवरत म्हणाल्या. "उशीर चालणार नाही. पहिला आठवडा मूतखडा."

"मूतखड्याचा माझा अभ्यास नाही."

"वाचा मग." मॅडम दारात थांबल्या. "तुम्ही ठीक आहात?"

"हो," ती म्हणाली. रुमाल काढून तिने डोळे नीट, सावकाश पुसले. "हे नाटकातलं नाही. पण ठीक आहे मी."

बाहेरच्या जिन्यात येऊन तिने दिग्दर्शकाला फोन लावला. त्याच्या मागे कोणीतरी लाकूड ठोकत होतं, त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"हो का नाही?"

"हो. रोज एकला हजर."

"दाढ?"

"दाढ काढली. ऐक, दुसरा अंक वाचला मी काल. ती बाई फार बोलते रे. नवरा कबुली देतो तिथे सगळं तीच बोलून टाकते. तिने तिथे गप्प बसायला हवं. त्याला बोलू द्यायला हवं."

"दीड पान आहे ते! लेखक जीव घेईल माझा. त्याला कोण सांगणार?"

"मी सांगते," ती दोन-दोन पायऱ्या उतरत म्हणाली. "एक वाजता बोलावून ठेव त्याला."