दोन वाकड्या पिना

मी एक संगणक बोलतोय. मोठमोठे खेळ पेलावेत म्हणून बांधलेला. अंगात रेड्याचं बळ, आणि आकार मात्र बुटाच्या खोक्याएवढा. मला कुठल्या कारखान्यात जोडलं नाही. मी जन्मलो मलांग शहरात, डॉक्टर विरात्मोंच्या जेवणाच्या टेबलावर, आणि जन्मता जन्मताच जवळजवळ संपलो होतो.

विरात्मो दातांचे डॉक्टर. वेनिंग त्यांची एकुलती एक लेक. बाप-लेकीला मोटारशर्यतीच्या खेळाचं भारी वेड. वेनिंगला समुद्रापार बालिकपापानला, तेलाच्या कारखान्यात नोकरी लागली. विमानात मांडीवर घेऊन जाता येईल, पण शर्यतीत धाप लागणार नाही, असा संगणक तिला हवा होता. दोघांनी मिळून माझा एकेक भाग निवडला. पेटीत जागा किती, कार्ड जाड किती, पंखा उंच किती, यावरून बोटाच्या पेराएवढ्या जागेसाठी दोघं हमरीतुमरीवर यायचे.

याआधीचे घरातले सगळे संगणक डॉक्टरांनीच जोडले होते. पण आता त्यांचे हात थरथरत. दवाखान्यात एकदा त्यांची सुई एका बाईच्या हिरडीत भलतीकडेच रुतली. त्याच दिवशी त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं. तेव्हापासून घरात त्यांच्या हातातून एकेक काम हळूच काढून घेतलं जात होतं. शर्टाची बटणं त्यांची बायको सुमार्नी लावायची. मासा सोलून द्यायची. कुणी काही बोलत नसे. ते न बोलणंच त्यांना बोचत असावं.

वेनिंगच्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी माझे सगळे भाग टेबलावर मांडले गेले.

"बाबा, तुम्ही बसा निवांत. नुसतं सांगा, मी करते," वेनिंग म्हणाली.

"नुसतं सांगायला मी काय रेडिओ आहे? तो प्रोसेसर दे इकडे."

प्रोसेसर म्हणजे माझा मेंदू. तो मदरबोर्डावरच्या खाचेत अलगद बसवायचा असतो. त्या खाचेत केसाहून बारीक पिना दाटीवाटीने उभ्या असतात. वेनिंगने त्या पिनांकडे पाहिलं, मग बापाच्या बोटांकडे. नाही म्हणावं तर बापाचा अपमान, हो म्हणावं तर माझा जीव. तिने ओठ चावला आणि मेंदू त्यांच्या हातात दिला.

हात पुढे आला तशी थरथर वाढली. माझ्यावर सावली नाचायला लागली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. एक क्षण सगळं स्थिर झालं आणि नेमक्या दुसऱ्या क्षणी मेंदू सुटला, तिरपा पडला, घसरला. दोन पिना वाकल्या.

 मग दारातून सुमार्नीचा आवाज आला, "तरी मी म्हणत होते, त्यांच्या हातात देऊ नकोस म्हणून."

"आई, तू गप्प बस!" वेनिंग ओरडली.

डॉक्टर उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी खाली पडल्याचा. वेनिंग माझ्याकडे टक लावून बसली होती. एवढ्या लहान पेटीत बसणारा दुसरा मदरबोर्ड उद्याच्या विमानाआधी मिळणार नव्हता. पण मला वाटतं, ती माझा विचार करतच नव्हती. मी असाच मेलो असतो, तर त्या माणसाने पुन्हा कशाला हात लावला नसता.

डॉक्टर परत आले ते भिंगाचा चष्मा आणि दात कोरायची बारीक सळई घेऊन. चष्मा त्यांनी लेकीच्या डोळ्यांवर चढवला.

"मी? मला नाही जमणार, बाबा."

"माझे हात गेलेत, डोकं नाही गेलं. करंगळी टेबलावर टेकव. दातांच्या डॉक्टरचा हात कधी अधांतरी नसतो. हं. आता श्वास सोडताना ढकल. घेताना थांब."

सळईचं टोक माझ्या पिनेला टेकलं. एवढ्याशा लोखंडाची मला कधी इतकी भीती वाटली नव्हती. कणभर जास्त जोर लागता तर पिन मोडलीच असती. ती हलली, थोडी आणखी हलली, आणि रांगेत उभी राहिली.

दुसरी पिन दाटीत होती. तिच्याजवळ जाताना वेनिंगचाच हात कापायला लागला.

"आता कळलं?" डॉक्टर हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "थरथरीशी भांडायचं नाही. भांडलं की चेकाळते. लाट जाऊ दे."

"तुमची जाते का, बाबा?"

"माझी नाही जात. तुझी जाईल."

तिची गेली. दुसरी पिनही सरळ झाली, आणि वेनिंगने मेंदू खाचेत बसवला.

मग मला पेटीत कोंबणं सुरू झालं. ग्राफिक्स कार्ड आत जाईना, तेव्हा पंखा काढून ते तिरकं सरकवलं. वायरी वळेनात, एक तर पंख्याच्या पात्याला घासत होती. डॉक्टर टॉर्च धरून होते, आणि उजेड भिंतीभर भटकत होता. "टॉर्च तरी नीट धरा," असं सुमार्नी सवयीने म्हणाली आणि जीभ चावून गप्प बसली. डॉक्टरांनी टॉर्च भाताच्या डब्याला टेकवून ठेवला आणि लेकीला म्हणाले, "चालू दे."

वेनिंगने बटण दाबलं.

माझे पंखे फिरले. समोर जोडलेला पडदा काळाच राहिला. पंखे थांबले, पुन्हा फिरले. पडदा काळा तो काळाच. वेनिंगच्या कपाळावर घाम आला. "गेला, बाबा. पिना गेल्या." तिचा हात बटणाकडे सरकला.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "अगं, थांब!" मी मेलो नव्हतो. नवा जन्मलेला होतो, माझी सगळी स्मृती एकदा चाचपून पाहत होतो. पहिल्या वेळी आम्हाला तेवढा अवकाश लागतो. पण पडद्याशिवाय मला तोंड कुठलं?

"हात मागे घे," डॉक्टर म्हणाले.

"काही होत नाहीये, बाबा!"

"पंखे फिरताहेत ना? मग तो काहीतरी करतोय. करू दे त्याला."

तिघं वाट पाहत उभे राहिले. आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

वेनिंग खुर्चीत मटकन बसली आणि रडायलाच लागली. डॉक्टरांनी तिच्या हातून पेचकस घेतला आणि माझ्या झाकणाचे स्क्रू लावायला बसले. एक स्क्रू खाली पडला, भोक शोधताना एकाची फरपट झाली, पेचकस निसटून माझ्या अंगावर लांब ओरखडा उठला. सुमार्नीच्या हातातल्या बशीत तळलेल्या सोयाबीनचं तेंपे थंड झालं, पण ती पुढे झाली नाही. शेवटचा स्क्रू आवळला गेला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

आता मी बालिकपापानला, वेनिंगच्या भाड्याच्या खोलीत असतो. इथला उकाडा जीवघेणा, धूळ तेलकट. लहान पेटीत कोंडलेली ताकद तापते फार. रोज संध्याकाळी शर्यत असते. गाडी वेनिंग चालवते, आणि मलांगहून डॉक्टर तिच्या कानात पुढची वळणं सांगतात. स्टिअरिंग आता त्यांना धरवत नाही.

गेल्या काही दिवसांत त्यांची जीभही अडखळायला लागली आहे. काल डोंगराची शर्यत होती. धुकं दाट, गाडी सुसाट, आणि समोर अचानक दोन वाटा. वेनिंगच्या कानात डॉक्टरांचा नुसता श्वास ऐकू येत होता. "ड… ड…"

आतून मी तापलो होतो, पंखे किंचाळत होते. वेनिंगला वळण कळलं होतं. "डावीकडे ना?" एवढं म्हणून ती सुटली असती. तिने ब्रेक दाबला. गाडी भर रस्त्यात उभी केली. मागच्या गाड्या एकामागून एक निघून गेल्या.

ती थांबली. मीही, सगळी ताकद आवरून, ते धुकं तिथल्या तिथे रंगवत राहिलो.

"…डावीकडे," डॉक्टर म्हणाले.

"बरं, बाबा," म्हणत तिने गाडी वळवली.

आम्ही शेवटून पहिले आलो. वाचकहो, माझा जन्म वेगासाठीच झालेला आहे, तेव्हा हे मी सांगणं शोभत नसेल. तरीही सांगतो. कुणी बोलताना अडखळलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.