सातव्याच्या आधी आठवा

मी मोठ्याने वाचते. म्हणजे आता वाचते. मागच्या वर्षापर्यंत वर्गात उभं केलं की माझा आवाज घशातच दडी मारून बसायचा आणि बाई कंटाळून म्हणायच्या, बस खाली. यंदा मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून आईचं म्हणणं, हिला गप्प करायला घरात दोन माणसं लागतात. म्हणूनच वाचनालयातल्या ताईंनी शनिवारच्या बैठकीत चिठ्ठ्या वाचायचं काम मला दिलं. मीही ते अशा थाटात घेतलं की जणू माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं.

चिठ्ठ्यांचं असं आहे. आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवलेलं असतं. पुस्तक परत करताना वाचकाने आपलं मत लिहून त्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही, फक्त काम लिहायचं. ताई म्हणतात, नाव आलं की माणूस उगाच सभ्य होतो. एखाद्या पुस्तकाचं पाकीट फुगलं की ताई बैठक लावतात, चिठ्ठ्या वाचल्या जातात आणि ज्याला भांडायचंय त्याने तिथेच भांडून घ्यायचं.

या वेळी पाकीट फुगलं होतं औषधवाल्या काकूंच्या कादंबरीचं. काकू कोपऱ्यावरच्या दुकानात पंचवीस वर्षं गोळ्या मोजून देतायत. काउंटरखाली वही ठेवून त्या चार वर्षं काहीतरी लिहीत होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं, काकांनासुद्धा नाही. त्यांना वाटायचं, उधारीचा हिशोब चाललाय. आणि वहीतून निघालं काय, तर 'काटा मागे जातो तेव्हा'. घड्याळं दुरुस्त करणारी एक मुलगी. तिच्याकडे एक माणूस पुन्हापुन्हा एकच घड्याळ घेऊन येतो, त्याचा काटा दुपारी ठरावीक वेळी उलटा फिरायला लागतो. घड्याळ बरं व्हायच्या आधीच मुलगी माणसाच्या प्रेमात पडते. मग कळतं की हा माणूस अकरा वर्षांपूर्वी मारला गेलाय, आणि ज्याने मारलं तो याच गल्लीत रोज तिच्या दुकानासमोरून जातो. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पुस्तक झालेलंसुद्धा नव्हतं, कारण ते बांधलं आमच्याच घरात.

बाबा बाइंडर आहेत. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात, त्यांना घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. सुरुवातीची नावाबिवाची पानं सोडली तर काकूंच्या पुस्तकाचे चौदा फर्मे होते आणि प्रकरणंही चौदाच, प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांचं. सवय, दुसरं काय. काकूंनी प्रकरणंसुद्धा मोजून दिली होती. लांब टेबलावर चौदा थप्प्या ओळीने मांडायच्या आणि कडेकडेने चालत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलत जायचं. टोकाला पोचलं की हातात एक पुस्तक तयार, फक्त शिवायचं राहिलेलं. सुट्टीत हे काम माझ्याकडे असतं.

आता जिन्याचं सांगते. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक बारका काळा ठोकळा छापलेला असतो, पुढच्या फर्म्यावर तो जरा खाली सरकतो. सगळे फर्मे नीट लागले असतील तर पाठीवर ठोकळ्यांचा जिना दिसतो. पायरी चुकली म्हणजे फर्मा चुकला. बाबा प्रत्येक पुस्तकाचा जिना बघतात, मगच सुई उचलतात. या सुट्टीत एके दिवशी त्यांनी माझा गठ्ठा न बघताच शिवायला घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "तुझा जिना आता मी बघत नाही." स्पर्धेची ढाल आईने कपाटावर ठेवलीय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. पण खरी ढाल माझ्या मते ते वाक्य होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण शनिवारी तेच पणाला लागलं.

बैठकीला वीसेक माणसं होती. काकू पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या. बाबा नेहमीप्रमाणे मागे कपाटाला टेकून उभे होते. ते वाचनालयात कधी बसत नाहीत, नजर सारखी पुस्तकांच्या पाठींवरून फिरत असते. सुरू करण्याआधी ताईंनी काकूंना दोन शब्द बोलायला लावले. काकूंनी खरंच दोनच सांगितले. छापखानेवाले दुसरी आवृत्ती काढायची म्हणतायत, सोमवारी त्यांना होकार कळवायचाय. आणि वहीत दुसऱ्या पुस्तकाची वीस पानं झालीयत. "ती पुढे न्यायची की वही मिटून गोळ्याच मोजायच्या, ते आज तुम्हाला ऐकून ठरवीन," म्हणाल्या आणि पटकन बसल्या.

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की नववं प्रकरण संपेपर्यंत दोन रुग्ण तोंड उघडून बसले होते. रागावले नाहीत, जाताना पुस्तकाचं नाव लिहून घेऊन गेले. बसचालकांचा भुताखेतांवर अजिबात विश्वास नव्हता, पण शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की आता ते मागे वळून बघत नाहीत. शिंप्यांना आवडलं ते हे, की प्रेमाला घाई नाही. तो तिचा हात धरतो ते थेट सव्वाशेव्या पानावर, आणि ते बरोबरच आहे, आमच्या वेळी तर याहून उशीर लागायचा. सगळे हसले. गणिताच्या सरांनी कळवलं होतं की खुनी त्यांना चौथ्या प्रकरणातच सापडला, तरी शेवटपर्यंत वाचलं हे ते मान्य करतात. सरांकडून एवढं म्हणजे पैकीच्या पैकी. काकूंची पर्सवरची पकड सैल झाली.

मग बागेतल्या माळीकाकांची चिठ्ठी आली, पेन्सिलने लिहिलेली. सातव्या प्रकरणात मुलीला कळतं की तो जिवंत नाही. तरी आठव्यात ती केस विंचरते, दुकानाला कुलूप लावते आणि दिवसभर त्याच्याबरोबर फिरते. माळीकाकांनी लिहिलं होतं, दोन दिवस मी तेवढाच विचार करत पाणी घालत होतो, एक कुंडी बुडाली.

हे वाचताना माझाच आवाज जरा ओला झाला. काकूंनी खाली बघितलं. पुढची चिठ्ठी टपालखात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांची होती. ती मी जोशातच उचलली.

आजोबांनी लिहिलं होतं: "लेखिकेच्या डोक्याला सलाम. घड्याळ उलटं फिरतं तशी या पुस्तकाची पानंही उलटी फिरतात. शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरा, आणि एकशे अठ्ठावीसनंतर पुन्हा सत्त्याण्णव. आधी ती त्याच्याबरोबर फिरून येते आणि मग कळतं की तो मेलेला आहे. माझा चहा सांडला."

खोलीत कुजबुज झाली. सर म्हणाले, असं काही नाही, पानं सरळच आहेत. आजोबा म्हणाले, तुम्ही आकडेमोडीच्या नादात बघितलं नसेल. त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढून सगळ्यांसमोर उघडली. एक नर्सबाई म्हणाल्या, माझ्याही प्रतीत असंच आहे, मला तर धडकीच भरली होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की काकूंनी मुद्दाम दोन प्रकारच्या प्रती काढल्या असणार, म्हणजे वाचकांनी एकमेकांशी बोलावं. मग काय विचारता, कौतुकाला ऊत आला. काकू उठल्या, म्हणाल्या की मी असं काही केलेलं नाही. तर आजोबा म्हणाले, बघा, किती विनय.

काकू बसल्या. चेहरा असा झाला की जणू दुसऱ्याच्या नावची औषधं त्यांच्या हातात ठेवली होती. अख्खी खोली टाळ्या वाजवत होती, आणि ज्यासाठी वाजवत होती ते त्यांनी लिहिलेलंच नव्हतं.

मला सगळं आठवलं. ती दुपार. फर्मे जुळवताना चालता चालता मी सातव्या थप्पीपाशी थांबले होते. घड्याळाच्या आतल्या झाकणावर तिला त्याच्या मृत्यूची तारीख कोरलेली सापडते, ते पान. मला राहवलं नाही. नीट वाचता यावं म्हणून मी सातवी थप्पीच उचलून खिडकीत नेली. पंधरा मिनिटं जगात कुणी नव्हतं. मग बाबांची चाहूल लागली, मी थप्पी लगबगीने टेबलावर ठेवली आणि पुन्हा चालायला लागले. कुठे ठेवली ते बघितलंच नाही. त्यानंतर पन्नास प्रती जुळवल्या. आणि त्या पन्नासांचा जिना कुणी बघितला नाही, कारण तो माझा होता.

मी मागे बघितलं. आजोबांची प्रत हातोहात बाबांपर्यंत पोचली होती. ते वाचत नव्हते. शहाण्णव आणि एकशे तेराच्या मधल्या खाचेत त्यांनी अंगठा ठेवला होता. त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, प्रत मिटली, एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, "जरा ऐका, ही चूक माझ्या..."

"अजून एक चिठ्ठी आहे," मी म्हणाले. माझा आवाज नको तेवढा मोठा होता. सगळे वळले.

हातात आजोबांचीच चिठ्ठी होती. ती उलटी केली, पाठीमागे कोरी होती. मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत वाचायला लागले. "काम: फर्मे जुळवणारी. सातवं प्रकरण इतकं छान आहे की ते वाचायला मी अख्खी थप्पी उचलून नेली आणि परत ठेवताना आठव्याच्या पुढे ठेवली. पन्नास प्रती तशाच गेल्या. पानं घड्याळाने उलटी फिरवलेली नाहीत, मी फिरवलीयत. काकूंनी नाही आणि बाबांनीही नाही. बाबा माझा जिना बघत नाहीत, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता." इथे आवाज जुन्या सवयीने घशात बसायला निघाला, मी त्याला ओढून बाहेर काढला. "पुस्तक फार आवडलं. दुसरं लिहा."

मग माळीकाका पहिल्यांदाच उठून उभे राहिले आणि त्यांनी काकूंना विचारलं, म्हणजे तिला आधी माहीत असतं आणि तरी ती जाते, हेच खरं ना? काकूंनी मान हलवली. माळीकाका म्हणाले, मग माझी कुंडी फुकट नाही गेली. ते बसले आणि खोली पुन्हा बोलायला लागली. फक्त आजोबा फुगून बसले, आपली टाळी फुकट गेली म्हणून. काकूंनी त्यांची प्रत चार दिवसांसाठी मागून घेतली.

आम्ही घरी पोचलो. आईने दार उघडलं आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून विचारलं की कोण गेलं. बाबा म्हणाले, "पन्नास प्रती."

सोमवारी दुकान उघडायच्या आधी काकू आमच्याकडे आल्या. स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं की आजोबांची प्रत त्यांनी एका दमात वाचली, आणि स्वतः लिहिलेलं असूनही त्या दोनदा दचकल्या. मी आशेने विचारलं, मग दुसरी आवृत्ती तशीच काढायची का.

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. "तुझ्या क्रमात ती फसते. माझ्या क्रमात ती जाते. माझी मुलगी फसलेली नाही." मग बाबांकडे वळून म्हणाल्या की छापखान्याला होकार दिलाय, बांधणी इथेच. आणि पर्समधून वही काढून मला दाखवली. वीस पानांची पंचवीस झाली होती. "यातली प्रकरणं लहानमोठी करणार आहे. पुन्हा थप्पी हलवलीस तर वाक्याच्या मधेच बोंब होईल."

चुकीच्या प्रती बदलून मिळतील अशी पाटी ताईंनी वाचनालयात लावली. पन्नासांपैकी दोन परत आल्या. नर्सबाईंनी निरोप पाठवला की मला धडकी भरलेलीच आवडते. आजोबांनी तर आपल्या प्रतीला खाकी कव्हर घातलं आणि ती आता ते कुणाला हातात देत नाहीत, समोर धरून दाखवतात.

दुसऱ्या आवृत्तीचे फर्मे आले त्या दिवशी बाबा एका बाजूने जुळवत होते, मी दुसऱ्या. पहिला गठ्ठा झाल्यावर मी तो त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाबा, जिना बघा."

त्यांनी हातातला स्वतःचा गठ्ठा माझ्याकडे दिला. "आधी माझा बघ."

मी बघितला. चौदाच्या चौदा पायऱ्या. मग त्यांनी माझा बघितला, सावकाश, वरून खाली, आणि मग पुढचा, आणि त्याच्या पुढचा. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही एकमेकांचे जिने बघत होतो. मी सातव्या थप्पीपाशी आले की माझी पावलं जरा मंदावत होती, ते त्यांनी बघितलं असणार.

"वाचायचं असेल तर इथेच उभी राहून वाच," ते म्हणाले. "थप्पी हलवू नकोस."