गळतीखालचं घंगाळ

टप्प!

दुपारची सामसूम होती. घरातले सगळे आडवे झाले होते, आणि दूजा आजीच्या खोलीत छतावरून एक थेंब फरशीवर पडला. एवढासा आवाज, पण त्याने माझं नशीब पालटलं.

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहराच्या तांबट आळीत हातोडीचे ठोके खात मी गोल झालो आणि दूजाच्या रुखवतात या घरी आलो. तिची सगळी बाळं माझ्यात न्हाली. ईदच्या कुसकुसचा, म्हणजे वाफवलेल्या रव्याचा, डोंगर मी पोटात वागवला. दरवर्षी रमजानच्या तोंडावर कल्हई झाली की दूजा माझ्या चकाकीत वाकून बघत आपला पदर नीट करायची. मग प्लास्टिकचे टब आले आणि मी जिन्याखाली कांद्यांच्या सोबतीला गेलो. कांदेसुद्धा संपतात, बदलतात. मी मात्र तिथेच.

म्हणून त्या दुपारी दूजाची हाक ऐकून मला भरून आलं. "अगं रीम, ते घंगाळ आण बाई! टब नको, त्यात थेंबसुद्धा बेसूर वाजतो."

रीम म्हणजे तिची सून, छोट्या नरजिसची आई. तिने मला गळतीखाली ठेवलं आणि म्हणाली, "हे वरच्या मजल्यावरच्या वसीला मावशींच्या न्हाणीघरातून येतंय. उद्या नळवाल्याला बोलावते."

"डोकं ठिकाणावर आहे ना?" दूजा उसळली. "तिच्या नवऱ्याची माती अजून ओली आहे. ती विधवेच्या चार महिन्यांच्या इद्दतीत बसलेली, आणि तिच्या न्हाणीघरात परके पुरुष हातोडे घेऊन? थेंबाला थांबता येतं, सूनबाई. तिचं सुतक संपू दे."

रीमलाही ते पटलं. मीही कामाला लागलो. रोज सकाळी ती मला लिंबाच्या मुळाशी रिकामं करायची आणि जाता जाता माझ्या पाठीवर थोपटायची. मला वाटायचं, घर मीच तोलून धरलंय.

वसीलाची इद्दत संपली. नळवाल्याला निरोप गेला. तो यायच्या आदल्या सकाळी छताचा मोठा तुकडा धाडकन खाली आला. दूजा नशिबाने स्वयंपाकघरात होती. तिच्या पलंगाचा चुरा झाला, वर गंजलेल्या सळया लोंबू लागल्या.

तरी कोणी घाबरलं नाही. घराचा विमा होता. मागे एकदा स्वयंपाकघरातला नळ फुटला होता, तेव्हा कंपनीने सगळी भरपाई दिली होती. "पाण्याचं नुकसान विम्यात बसतं," रीम म्हणाली. फक्त हिवाळ्याआधी छत व्हायला हवं होतं. नाहीतर दूजाला धाकट्या मुलाकडे राजधानीत जावं लागणार होतं. "त्या चौथ्या मजल्यावर?" दूजा म्हणायची. "तिथे मी पिंजऱ्यातल्या पोपटासारखी मरेन."

विम्याचा माणूस आला. त्याने छत पाहिलं, मग माझ्याखालचा फरशीवरचा हिरवट गोल पाहिला.

"हे घंगाळ इथे कधीपासून आहे?"

"रमजानच्या आधीपासून, बाळा!" दूजा अभिमानाने म्हणाली. रीमने तिची बाही ओढली, पण ती कुठली थांबते! "एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही त्याने. तुमच्या कंपनीचे किती पैसे वाचवले बघ!"

त्या माणसाने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. "आजी, अडचण तीच आहे. नळ अचानक फुटला तर आम्ही देतो. पण महिनोन् महिने झिरपलेलं पाणी, आणि ठाऊक असून न केलेली दुरुस्ती, हे विम्यात बसत नाही."

"आणि घंगाळ ठेवलंच नसतं तर?" रीमने विचारलं.

"तरी झिरपणं ते झिरपणंच, ताई. फक्त तुम्हाला ते ठाऊक होतं, हे या घंगाळावरून दिसतं." मग हळूच म्हणाला, "हवं तर वरच्या बाईंवर दावा लावा."

"विधवेवर?" दूजा कडाडली. "जा, तोंड धुऊन ये!"

मित्रांनो, तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. धो धो आलेलं पाणी चालतं आणि थेंबथेंब आलेलं चालत नाही, असं कसं? माझ्या पोटात तर दोन्ही सारखीच ओली लागतात. मी नुकसान झेलत होतो की साक्ष साठवत होतो? गळती झेलत बसू नका, वेळीच बुजवा, असा बोध मी तुम्हाला करणार होतो. पण वरून वसीलाच्या पावलांचा आवाज येतो आणि तो बोध तसाच राहतो. काळजी घ्या रे, एवढंच म्हणतो. कोणाची आधी, ते मला विचारू नका.

छत काही झालं नाही. आज दूजाचं राजधानीला न्यायचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलंय. ती वसीलाचा निरोप घ्यायला वर गेली आहे. घर चिडीचूप.

टप्प!

यावेळी स्वयंपाकघरात. नरजिस धावत आली आणि माझी कडी धरून मला ओढत घेऊन गेली. रीम ओरडली, "थांब!"

नरजिसने मला अर्धवट उचलून धरलं होतं. तिने आईकडे पाहिलं.

"उम्मी, हे इथे ठेवलं तर आता कोणाला जावं लागेल?"